खिडकीच्या फळीवरचे शून्य

१

मुलगी सव्वादोन वर्षांची होती आणि तिच्या रक्तात शिसे सापडले होते. पहिल्या तपासणीत एकोणीस, अडीच महिन्यांनी दुसऱ्या तपासणीत तेहतीस. हा आकडा पाचच्या वर गेला की मुलांचे डॉक्टर खुर्चीत सरळ होऊन बसतात. या डॉक्टरांनी मुलीला वॉर्डात ठेवून घेतले आणि बालकल्याण समितीला पत्र लिहिले. मुलीच्या आत्याचा अर्ज त्याआधीच तिथे पोचला होता. मुलीच्या आईच्या हातून विष घरात येते आहे, आणि आता ते नकळत येते आहे असे वाटत नाही, असे त्यात म्हटले होते.

समिती शुक्रवारी बसणार होती. मुलगी आईकडे परत जायची की नाही, ते त्या दिवशी ठरणार होते.

सोमवारी सकाळी आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेतून एक रसायनतज्ज्ञ बाई त्या घरी गेल्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, कमी बोलणाऱ्या. प्रयोगशाळेत त्यांना चिमटीबाई म्हणत, कारण कुठलीही वस्तू त्या आधी चिमट्याने उचलत. चहात पडलेली माशीसुद्धा त्या चिमट्याने काढतात आणि मग ती कोणत्या जातीची आहे ते बघतात, असे तिथला शिपाई नव्या लोकांना सांगायचा.

घर जुने, दुमजली होते. खाली एक भाडेकरू राहायचा, वर मुलगी, तिची आई आणि आत्या. मुलीचे वडील जहाजावर कामाला होते आणि सहा महिने घरी नसत. त्यांना फोनवर सगळे कळवले होते. ते म्हणाले होते, तुम्ही दोघी मिळून ठरवा.

मुलीची खोली रस्त्याच्या बाजूला होती. एकच मोठी खिडकी, वर सरकवून उघडायची. तिच्याखाली रुंद लाकडी फळी. खिडकीला लागून मुलीचा कठड्याचा पलंग, पलीकडच्या भिंतीशी कपड्यांचे कपाट, खिडकी आणि कपाट यांच्या मधोमध जेवायची उंच खुर्ची, आणि दाराजवळ टोपलीत लाकडी ठोकळे. खोली इतकी स्वच्छ होती की चिमटीबाईंना बूट बाहेर काढल्यावरही आपलेच मोजे मळके वाटले.

त्यांनी ओल्या कागदी पुसणीने ठिकठिकाणचे नमुने घेतले. रंगाचे कपचे काढले, नळाचे पाणी बाटलीत भरले. मंगळवारी दुपारी निकाल हातात आला. भिंतींच्या रंगात शिसे नव्हते. दाराच्या, चौकटीच्या रंगात नव्हते. पाण्यात नव्हते. जमिनीवर किरकोळ. खिडकीच्या फळीवर शून्य.

पलंगाच्या कठड्यावर मात्र बासष्ट, कपाटाच्या कडेवर एक्केचाळीस, जेवायच्या खुर्चीच्या पाटावर तीस, ठोकळ्यांवर बावीस.

घराला शिसे नव्हते. मूल ज्याला हात लावत होते, तेवढ्यावरच होते.

२

आत्याबाई एकसष्ट वर्षांच्या होत्या. एका मोठ्या हॉटेलात अठ्ठावीस वर्षे त्यांनी साफसफाईच्या बायकांवर देखरेख केली होती. लग्न केले नव्हते. आई गेल्यावर धाकट्या भावाला त्यांनीच वाढवले, याच घरात. त्यांनी चिमटीबाईंना स्वयंपाकघरात बसवले, पाण्याचा पेला पुढे ठेवला आणि पेल्याखाली लगेच फडके सरकवले.

बोलायला त्यांना भीड नव्हती. त्यांची भावजय रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दुकानात तारांना डाग द्यायचे, म्हणजे सोल्डरिंगचे काम करायची, आठ वर्षे. ती डागाची तार शिशाची असते, हे त्यांनी स्वतः वाचले होते. पहिला अहवाल आला तेव्हा त्यांनी तिला नोकरी सोडायला लावली. तिनेही निमूट सोडली. "आणि नोकरी सोडल्यावर आकडा वाढला," त्या म्हणाल्या. "आता तुम्हीच सांगा, बाई. दुकान बंद, तार बंद, तरी विष चालूच. मग ते येतं कुठून? पोरीला पायरी चढता येत होती, आता धडपडते. चाळीस-पन्नास शब्द बोलायची. आता नुसती रडते."

आई असे कशासाठी करील, असे चिमटीबाईंनी विचारले. घरात आजारी मूल असले की नवरा लवकर परत येतो, असे आत्याबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, मी असे म्हणायला नको होते. पण परत घेतले नाही.

चिमटीबाईंनी घर कधी रंगवले ते विचारले. दीड वर्षापूर्वी. सगळा जुना रंग खरवडून काढला होता. आत्याबाईंनी स्वतः उभे राहून करून घेतला होता.

"आणि रंगाचं म्हणाल तर आम्ही दोघं भावंडं पोरीच्याच खोलीत वाढलो," त्या म्हणाल्या. "तेव्हा तर जुनाच रंग होता. आम्हाला काही झालं नाही. माझ्या भावानं शाळेत गणितात बक्षिसं घेतली. मग या घरात नवीन काय आलं, ते बघा ना. नवीन फक्त ती आली."

चिमटीबाईंनी हे वाक्य वहीत जसेच्या तसे लिहून घेतले.

मुलीची आई वॉर्डाबाहेरच्या बाकावर भेटली. तिला दिवसातून एक तास मुलीला भेटू देत, आणि तेव्हाही एक परिचारिका समोर बसून राही. तास संपला होता तरी ती गेली नव्हती. तिची बोटे डाग देणाऱ्या माणसाची होती, टोकांना जुने भाजल्याचे पांढरे ठिपके असलेली.

तिने काही लपवले नाही. दुकानातून आल्यावर ती कपडे बदलायची, कोपरापर्यंत हात धुवायची, मगच मुलीला घ्यायची. नोकरी सोडल्यापासून ती दिवसभर मुलीजवळच होती. त्याआधी मूल दिवसा आत्याबाईंबरोबर मागच्या खोलीत असायचे, पुढच्या खोलीत फक्त झोपायला यायचे. आता आई घरी, म्हणून दोघी पुढच्याच खोलीत.

"दिवसभर काय करता?"

"खेळतो. खिडकी उघडते, बसेस दाखवते. डॉक्टर म्हणाले हवा खेळती ठेवा, तर दिवसातून दहादा उघड-मीट होते. पोरीलाही ती वर गेलेली आवडते." मग ती म्हणाली, "वन्सं येऊन येऊन बघतात. मी कशाला हात लावला की त्या ते पुसतात. माझ्या डोळ्यांदेखत. आधी एकदा पुसायच्या, आता तीनदा."

चिमटीबाईंनी तिला विचारले, तुम्हाला कोणावर संशय आहे का. ती वॉर्डाच्या दाराकडे बघत होती.

"माझ्यावरच आहे," ती म्हणाली. "आठ वर्षांचं शिसं आहे माझ्या अंगात. घामातून येत असेल का हो?"

३

बुधवारी चिमटीबाई रंगाऱ्याला भेटल्या. तो एका शाळेच्या पडवीत बांबूच्या पहाडावर उभा राहून छताला पुट्टी भरत होता. त्याला सगळे पुट्टीमामा म्हणत. खाली उतरायला त्याने वेळ घेतला, कारण शिशाचे नाव ऐकल्यावर त्याला आपण कुठे अडकतो आहोत ते समजले होते.

त्याने आपण होऊन सगळी हकिगत सांगितली. जुना रंग शिशाचा असतो, हे त्याला ठाऊक होते. त्याचा बाप याच धंद्यात हात थरथरत मेला. म्हणून त्या घरात त्याने जमिनीवर प्लॅस्टिक घातले, रंग आधी पाण्याने भिजवला, ओलाच खरवडला, कुठेही कोरडा घासकागद लावला नाही की आगीच्या पंपाने जाळला नाही. कचरा पिशव्यांत बांधून दिला. मुलीला आणि आईला महिनाभर दुसरीकडे राहायला लावले.

"लाकूड दिसेपर्यंत काढला, बाई. दिसेल तेवढा सगळा. तुमचे कपचे काय म्हणतात?"

कपचे तेच म्हणत होते. चिमटीबाईंनी तसे सांगितले, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला.

"त्या खिडकीचं काम तर मी फुकटात केलं," तो खुशीत येऊन म्हणाला. "रंगाच्या थरांनी चिकटून बसली होती. आत्याबाई म्हणाल्या, आमच्या लहानपणापासून ही उघडलीच नाही, भिंत समजून सोडून दे. मी म्हटलं, खिडकी ती खिडकी. सुरीनं शिवण कापली, वजनाच्या दोऱ्या बदलल्या. आता एका बोटानं वर जाते. पोरीच्या आईनं टाळ्या वाजवल्या."

राहिला खालचा भाडेकरू. म्हातारा एकटा होता, मोडक्या खुर्च्या विणायचा आणि जुने सामान नवे करून विकायचा. मुलीचा पलंग त्यानेच दिला होता, आणि चिमटीबाईंना पहिल्यापासून त्या पलंगाबद्दल शंका होती. म्हातारा ऐकायला कमी आणि बोलायला जास्त होता. पलंग जुना नव्हे, नव्या लाकडाचा, स्वतः केलेला, आणि रंग लहान मुलांचा म्हणून विकतात तो, डबा अजून आहे, असे त्याने दोनदा ऐकवले. डबा आणून दाखवला. वर म्हणाला, वरच्या मजल्यावरच्या दोघींना एकमेकींचे काही दिसत नाही, दोघींना फक्त पोरगी दिसते, आणि ते बरे नव्हे.

चिमटीबाईंनी पलंगाच्या रंगाचाही कपचा काढला होता. त्यात शिसे नव्हते. शिसे रंगात नव्हते, रंगावर होते. कुणीतरी किंवा कशानेतरी ते वर आणून ठेवले होते.

४

संध्याकाळी त्यांनी पलंगाच्या कठड्याचे नमुने पुन्हा यंत्रातून काढले, या वेळी कथिलासाठी. डागाच्या तारेत शिशाबरोबर कथील असते. एक आले की दुसरे येतेच. जुन्या पांढऱ्या रंगात शिसे असते, कथील नसते.

कथील नव्हते. आईच्या दुकानावरचा संशय मिटला.

त्यांनी हे प्रयोगशाळेच्या साहेबांना सांगितले तेव्हा त्यांना बरे वाटत होते. साहेब चष्मा पुसत ऐकत होते. ते म्हणाले, म्हणजे शिसे जुन्या रंगातले. आणि घरात जुना रंग शिल्लक नाही, हे तुमचाच अहवाल सांगतो. मग कुणीतरी बाहेरून जुन्या रंगाची भुकटी आणली आणि पोरीच्या वस्तूंना चोळली. दिवसभर पोरीजवळ असते ती आई. "बाई, हे आता आपलं काम राहिलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत अहवाल द्या. तो मी पोलिसांकडे पाठवतो."

आईला वाचवायला म्हणून केलेली तपासणी तिच्याच गळ्याशी आली होती.

साहेब गेल्यावर चिमटीबाईंनी खोलीचा नकाशा काढला आणि त्यावर आकडे मांडले. पलंग बासष्ट, कपाट एक्केचाळीस, खुर्ची तीस, ठोकळे बावीस. खिडकीपासून जसे लांब जावे तसा आकडा उतरतो, असे त्यांना आधी वाटले होते. पण कपाट खुर्चीपेक्षा खिडकीपासून लांब होते, आणि तरी त्यावर जास्त होते. म्हणजे अंतराचा हिशेब नव्हता.

दुसरी गोष्ट कठड्याची. त्यांनी वरच्या बाजूचा आणि खालच्या बाजूचा वेगवेगळा नमुना घेतला होता, सवयीने. दोन्हीकडे जवळपास सारखेच शिसे होते. धूळ वरून पडते, ती दांड्याच्या पोटाला लागत नाही. दांड्याला सगळीकडून वेढते ते काय? हात वेढतो. हात म्हटले की पुन्हा आई.

आणि तिसरी गोष्ट त्या शून्याची. जिन्यातल्या खिडकीच्या फळीवर चार होते. मागच्या खोलीत पाच. रस्त्यावरून दिवसभर बसेस जातात. असल्या घरात कुठल्याही फळीवर थोडी धूळ, थोडे शिसे असतेच. मुलीच्या खिडकीच्या फळीवर, जिथे रस्ता सर्वांत जवळ, तिथे काहीच नव्हते.

शून्य आले की आपण ते स्वच्छ समजतो. चिमटीबाईंनी पेन्सिलीने त्या शून्याभोवती गोल काढला. सोमवारी त्या नऊ वाजता पोचल्या होत्या. फळी साधी स्वच्छ नव्हती. कुणीतरी नुकतीच पुसून घेतली होती. मग फळीवरचे गेले कुठे?

५

गुरुवारी त्या न कळवता सात वाजता गेल्या. पुट्टीमामालाही बोलावले होते. आई घरात होती, पण आपल्या खोलीचे दार लावून. चिमटीबाईंनी आत्याबाईंना एकच विनंती केली: रोज सकाळी जे करता ते करा, मी नुसती बसते.

आत्याबाई नाराज झाल्या नाहीत. आपले काम कुणी बघावे, हे त्यांना मनापासून आवडत होते. त्यांनी बादलीत पाणी घेतले, पांढरे फडके बुडवले, घट्ट पिळले. हॉटेलात शिकवतात, त्या सांगत होत्या, खोलीचे काम खिडकीपासून सुरू करायचे आणि पाहुणा हात लावतो त्या वस्तूंवर संपवायचे. म्हणजे त्या शेवटी, ताज्या राहतात. कोरडा झाडू मारायचा नाही, धूळ उडते. ओलेच पुसायचे.

त्यांनी फळी पुसली. फडके बादलीत खळबळले, पिळले. मग पलंगाचा कठडा, दांड्याला मूठ वळवून, वरून खालून. मग पलंगाच्या बाजूने भिंतीच्या कडेने जाऊन कपाट. मग परत फिरून खुर्चीचा पाट. शेवटी दाराशी बसून एकेक ठोकळा.

बासष्ट, एक्केचाळीस, तीस, बावीस.

चिमटीबाईंनी हॉटेलात एका खोलीला किती फडकी लागायची ते विचारले.

"चार. खिडकीचं वेगळं, टेबलांचं वेगळं..." आत्याबाई बोलता बोलता थांबल्या. "घरात एकच लागतं. एवढीशी खोली."

चिमटीबाई खिडकीशी गेल्या. एका बोटाने चौकट वर सरकवली. ती खरेच हलकी चालत होती. दोनदा, तीनदा, दहादा. मग त्यांनी काळा कागद फळीवर धरला आणि आणखी दहादा वरखाली केले. कागदावर दोन्ही टोकांना पिठासारखी पांढरी रेघ पडली होती.

त्यांनी पुट्टीमामाला विचारले, चौकट ज्या खाचेतून वरखाली होते, त्या खाचेतला रंग काढला होता का. पुट्टीमामाने कागदाकडे पाहिले. 

"खाचेला हात लावायचा नसतो, बाई," तो म्हणाला. "नवा रंग लावला तर खिडकी अडकते, आणि खरवडली तर सैल होऊन खडखडते. बापानं कान पिळून शिकवलंय. खाच आहे तशी सोडायची. सगळेच सोडतात."

चिमटीबाईंनी चिमट्याने खाचेतला एक कपचा ओढून काढला आणि भिंगाखाली धरला. एकावर एक सात थर होते, पानांच्या गठ्ठ्यासारखे. वरचे कुणाच्या लहानपणीचे, खालचे त्याही आधीचे. खिडकी चिकटून बसलेली होती तोवर ते थर जागच्या जागी होते. ती मोकळी झाली तेव्हापासून दर वेळी त्यांची भुकटी पडत होती.

त्या आत्याबाईंकडे वळल्या. त्यांना हे सांगणे आवडत नव्हते, म्हणून त्यांनी ते सावकाश आणि पुरते सांगितले. घरात नवीन काय आले, असे तुम्ही विचारले होते. उघडणारी खिडकी आली. पूर्वी दिवसा मूल मागच्या खोलीत असे, खिडकी कमी उघडे, म्हणून एकोणीस. आई घरी बसली, तशी उघड-मीट वाढली. फळीवर पडेल ते ओल्या फडक्याने उचलले गेले, ते बरोबरच होते; पण तेच फडके, त्याच पाण्यातून, पुढे पलंगाला लागले. दिवसातून एकदा होते, ते तीनदा झाले.

"तीनदा कधीपासून करता?"

आत्याबाईंच्या हातात अजून फडके होते. त्या ते कुठे ठेवावे हे न कळल्यासारख्या बघत होत्या.

"ती घरी बसली तेव्हापासून," त्या म्हणाल्या. "तिचे हात लागतात म्हणून."

आतल्या खोलीचे दार उघडे होते. आई कधी बाहेर येऊन उभी राहिली होती, ते कुणाच्या लक्षात आले नव्हते. ती खिडकीकडे गेली आणि चौकट खाली ओढून दोन्ही हातांनी दाबून धरली, जणू ती आपल्या आपण वर जाणार होती.

चिमटीबाईंनी बॅगेतून रुंद चिकटपट्टी काढली आणि खाचा वरपासून खालपर्यंत बंद केल्या. खिडकी आता उघडायची नाही. चौकट बदलायची ती शिशाचे काम शिकलेल्या माणसाने, आणि तेव्हा घरात मूल नको. तोवर फळीला एक फडके, वापरले की पिशवीत घालून टाकून द्यायचे; मुलीच्या वस्तूंना दुसरे, स्वच्छ पाणी आणि साबण. बादलीतले पाणी संडासात, अंगणात नाही. पुट्टीमामाने कागद मागून घेतला आणि हे सगळे लिहून काढले. त्याला दीड वर्षात अशा अकरा खिडक्या मोकळ्या केल्याचे आठवत होते. त्यांतल्या चार घरांत लहान मुले होती. त्याने पत्ते लिहायला सुरुवात केली, तिसऱ्या पत्त्यावर पेन्सिल मोडली.

६

शुक्रवारी समितीच्या खोलीत पाच खुर्च्या आणि एक लांब टेबल होते. अध्यक्षबाई निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनी अहवाल आधीच वाचला होता. त्यात उगम म्हणून खिडकीची खाच होती, मार्ग म्हणून ओले फडके होते, आणि माणसाचे नाव कुठेच नव्हते. चिमटीबाईंनी ते जाणूनबुजून असे लिहिले होते.

डॉक्टरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, आता आकडा उतरेल, पण हळूहळू. काही शिसे हाडांत जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे बाहेर येते. लोह आणि कॅल्शियम मिळेल असे खाणे द्यायचे, दर महिन्याला रक्त तपासायचे. गेलेले शब्द परत येतील का, या प्रश्नावर त्यांनी सांगितले की बरेच येतात. सगळे येतात का, हे त्यांना सांगता येणार नव्हते. कुणालाच येणार नव्हते.

अध्यक्षबाईंनी आत्याबाईंना तक्रार मागे घेता का असे विचारले.

"नाही," आत्याबाई म्हणाल्या. त्या कडक इस्त्रीच्या साडीत ताठ बसल्या होत्या. "तक्रार खरी आहे. नाव चुकलंय. तिथं माझं नाव घाला."

समिती नाव शोधत नाही, अध्यक्षबाई म्हणाल्या. मूल आज कुठे झोपणार, एवढेच समितीला ठरवायचे असते. त्यांनी आईकडे पाहिले.

आईने जागा शोधली होती. दुकानातल्या एका सोबतिणीची रिकामी खोली, नव्या इमारतीत. घराच्या खिडक्या बदलेपर्यंत मायलेकी तिथे राहणार होत्या. दुकानाचे मालक तिला सोमवारपासून कामावर घ्यायला तयार होते. बिनशिशाची तार वापरू, असे ते आपण होऊन म्हणाले होते. काम करणे तिला भाग होते.

मग दिवसा मुलीजवळ कोण, हा प्रश्न अध्यक्षबाईंनी विचारला. साधाच प्रश्न होता, पण खोलीतले कुणी कुणाकडे बघेना. आत्याबाईंनी मान खाली घातली. त्यांचे हात मांडीवर पालथे होते आणि त्या ते अगदी हलू देत नव्हत्या.

"पाळणाघर बघू," त्या हळूच म्हणाल्या. "माझी काही हरकत नाही."

आई आत्याबाईंकडे न बघता बोलली. अडीच महिने साठलेले होते, ते थोडे थोडे बाहेर आले. या बाईंनी मला घरात चोरासारखं ठेवलं, ती म्हणाली. माझा पेला वेगळा केला. नवऱ्याला फोनवर सांगितलं की मी असं करीन. मी रात्री उठून स्वतःच्या हातांचा वास घ्यायचे. हे मी विसरणार नाही, आणि कुणी मला विसर म्हणू नये.

अध्यक्षबाईंनी मान हलवली. त्यांनी पाळणाघर असे लिहायला घेतले.

"थांबा," आई म्हणाली. "काल वॉर्डात मी मोजले. पोरगी सध्या चार शब्द बोलते. आई, पाणी, नको, आणि आत्या." तिचा आवाज कोरडा होता. "इतके शब्द गेले. यातला आणखी एक मी माझ्या हातानं काढून घेणार नाही."

 आत्याबाईंचा चेहरा आवळला गेला होता आणि त्या तो तसाच धरून होत्या. अध्यक्षबाईंनी लिहिलेले खोडले आणि पुढे काय लिहायचे म्हणून आईकडे पाहिले.

आईने पहिल्यांदा नणंदेकडे तोंड केले.

"वन्सं, मी सव्वाआठला निघते. सोमवारी आठला पोचा. आणि माझ्या पाठीमागून काही पुसायचं नाही."

आत्याबाईंनी होकार दिला. मग त्यांनी विचारले, बस कुठली लागते.